माळवदाचं जुनं घर हाती आलं तर: कुदळ लावण्याआधी ते कसं बघायचं

गावाकडचं घर वाटणीत आलं, किंवा आईवडील थकले आणि घराची जबाबदारी अंगावर पडली, की आपण आधी गवंड्याला फोन करतो. दोन दिवसांत हिशोब हातात येतो: माळवद, म्हणजे लाकडावरचं मातीचं सपाट छत, उतरवा, भिंती पाडा, कॉलम काढून स्लॅब टाका. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आमचं घर आहे. त्याचंही असंच ठरत आलं होतं. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्याकडून एक दिवस मागून घेतला आणि मला घरभर फिरवलं. ज्याला आम्ही लहानपणापासून एक घर समजत होतो, ते चार वेळा वाढवलेलं आणि कितीतरी वेळा डागडुजी केलेलं निघालं. गळती, ओल, भेगा, जवळजवळ सगळं दुखणं नंतरच्या बदलांतून आलेलं होतं. त्यानंतर नात्यातली आणि शेजारची सात-आठ घरं मी त्यांच्यासोबत अशीच पाहिली.

त्या फिरण्यातून जी रीत जमली ती नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी लिहिते आहे. घर ठेवायचं की पाडायचं, हा निर्णय तुमचा. पण छताचं वजन कशावर आहे आणि पावसाचं पाणी कुठून बाहेर जातं, एवढं कळल्याशिवाय कुणालाही कुदळ लावू देऊ नका.

पहिली पायरी: दोनदा जा

एक फेरी वैशाखात करा. उन्हाळ्यात भेगा पूर्ण उघडलेल्या असतात आणि भिंती कोरड्या असल्याने ओलीचे जुने डाग स्पष्ट दिसतात. दुसरी फेरी भर पावसात. सोबत जाड तळाचे बूट, चांगली बॅटरी, मोजपट्टी, ओळंबा, खडू, एक दाभण आणि वही असू द्या. लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी मिळाली तर उत्तम. बंद घरात कोनाड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारा. दगडमातीच्या भिंतीत विंचू हमखास असतो.

माळवदावर लगेच चढू नका. आधी खालून तुळया बघा. एखादी वाकलेली दिसली तर त्या खणावर पाय देऊ नका.

दुसरी पायरी: खण मोजा

आपल्याकडे जुनं घर चौरस फुटांत सांगत नव्हते, खणांत सांगत होते. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. अमक्याची ओसरी पाच खणांची, तमक्याचा सोपा सात खणांचा. वहीत आधी भिंती काढू नका, खांब काढा. दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) उभा असलेला प्रत्येक लाकडी खांब कागदावर टिंबाने दाखवा, मग तुळया रेघांनी जोडा. अर्ध्या तासात घराचा सांगाडा समोर येतो. आमच्या घरात खांबांमधलं अंतर सगळीकडे साडेपाच फुटांच्या जवळपास भरलं, फक्त पूर्वेच्या खोल्यांत एकदम नऊ फूट. खोल्या वेगळ्या काळातल्या आहेत, हे तिथेच कळलं.

आता नीट बघायची गोष्ट. चांगल्या बांधलेल्या खणाच्या घरात भिंतीलगतही खांब असतात, काही वेळा भिंतीत अर्धे बुजलेले. छताचं सगळं वजन तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून तळखड्यावर जातं. भिंत फक्त आडोसा देते. हलक्या ऐपतीच्या घरात किंवा नंतर वाढवलेल्या भागात मात्र तुळईचं टोक सरळ भिंतीत खुपसलेलं असतं, म्हणजे वजन भिंतीवर. हा फरक जीवनमरणाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीखाली दबली. त्याच गावांत काही घरांच्या भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा आणि वरचं माळवद उभं राहिलं.

म्हणून प्रत्येक खणाशी थांबून विचारा, इथला खांब कुठे आहे? नसेल तर तो कधी होता का? जमिनीत रिकामा तळखडा, तुळईच्या पोटात रिकामी खाच, ही काढून टाकलेल्या खांबाची खूण. बैठक मोठी दिसावी, ट्रॅक्टरची ट्रॉली आत घेता यावी, सोफा बसावा म्हणून खांब काढलेली घरं मी तीन पाहिली. तिन्ही ठिकाणी तुळई त्या जागी खाली आली होती. एका ठिकाणी तर झोका टांगायची कडी तिथेच होती.

तिसरी पायरी: सगळ्यांत जुना भाग शोधा

सांधा शोधा. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या असतील तर कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतलेले असतात. नंतर जोडलेल्या भिंतीशी वरून खालपर्यंत सरळ उभी रेघ दिसते. गिलाव्याखाली असली तरी ती उन्हाळ्यात केसासारख्या भेगेने डोकं वर काढते. लोक या भेगेला घाबरतात आणि खऱ्या धोकादायक भेगेकडे बघत नाहीत. त्याबद्दल पुढे लिहिते.

भिंतीचं साहित्य बघा. खाली घडीव काळा दगड, वर गोळाफोडी दगड, त्यावर मातीच्या भेंड्यांचे (कच्च्या विटांचे) थर, असं असेल तर ते तीन काळ असतीलच असं नाही. पैसा कमी पडला की एकाच बांधणीत तिन्ही येतात. पण तोच क्रम शेजारच्या भिंतीत तुटला तर मात्र काळ बदलला. सांध्यातला माल खिळ्याने खरवडून बघा. माती भुगा होऊन गळते. चुना पांढरट असतो, त्यात विटेचे किंवा वाळूचे कण दिसतात आणि तो मध्यम कडक असतो. सिमेंट राखाडी, खिळा घसरतो.

लाकूड बघा. हाताने तासलेल्या सागाच्या तुळईवर तिरपे उथळ घाव असतात, बॅटरी बाजूने धरली की स्पष्ट दिसतात. मशीनवर कापलेल्या लाकडावर बारीक सारख्या रेघा. एखाद्या तुळईत बिनकामाच्या खाचा असतील तर ती दुसऱ्या घरातून किंवा गढीतून आणून बसवलेली आहे. सागवान टाकून द्यायची रीत नव्हती.

पातळी बघा. जुन्या भागात शिरताना बहुतेक वेळा एक पायरी उतरावी लागते, कारण बाहेरची जमीन वर्षानुवर्षं चढत गेली आणि उंबरठा तिथेच राहिला.

साल कोरलेलं असेल तर काम सोपं. आमच्या दाराच्या गणेशपट्टीवर शके १८४४ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९२२. जुन्या कागदांवर मात्र फसली, म्हणजे महसुली, साल असतं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे फसली चालायचं. त्यात साधारण ५९० मिळवायचे. कागद उर्दूत किंवा मोडीत असतील तर वाचून घ्यायला थोडे पैसे गेले तरी जाऊ द्या. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ सुद्धा काढा. त्यात ‘माळवद’, ‘पत्रा’, ‘पक्के’ अशी नोंद असते आणि जुन्या नोंदवहीत ती बदललेली दिसली तर बदल कोणत्या वर्षांच्या दरम्यान झाला ते कळतं.

याहून भरवशाचा पुरावा म्हणजे लग्नाचे अल्बम. लग्नं अंगणात व्हायची आणि फोटोत नवरानवरीच्या मागे घर यायचं. आत्याच्या १९८६ च्या फोटोत माळवदाचा कठडा आहे, चुलतभावाच्या १९९५ च्या फोटोत त्याच जागी पत्रा आहे. विजेची वायरिंगही साल सांगते. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली वायर आणि चिनी मातीचे फ्यूज जुने, प्लास्टिकच्या पट्टीतली वायर त्यानंतरची, भिंत खोदून आत घातलेली अगदी अलीकडची. मातीच्या भिंतीत असा आडवा खोदलेला चर दिसला तर वहीत लाल शाईने लिहा. तिथे भिंत तेवढी कापली गेली आहे.

चौथी पायरी: भावकीची भिंत

मराठवाड्यातली बहुतेक मोठी घरं वाटणीने बदलली आहेत. मूळ घर चौकाभोवती असतं. दारातून आत ढाळज, दोन्ही बाजूंना बसायचे ओटे, मग चौक, त्याभोवती ओसरी, आत माजघर आणि देवघर, मागे न्हाणी आणि परसू. सगळ्या माळवदांचं पाणी पन्हाळींतून चौकात किंवा बाहेरच्या बोळात पडतं आणि चौकातल्या झाकलेल्या दगडी नालीतून ढाळजेखालून रस्त्यावर जातं. मग भावांच्या वाटण्या होतात आणि चौकाच्या मधोमध भिंत येते.

ती भिंत नुसती डोळ्याला खुपते असं नाही, नाली तिच्याखाली दबते. आमच्याकडे १९८१ च्या वाटणीत नालीचं तोंड काकांच्या बाजूला गेलं. आमच्या अर्ध्या चौकाचं पाणी वीस-बावीस वर्षं माजघराच्या जोत्यात मुरत राहिलं. सगळे म्हणायचे, घराला ओल लागली. मिस्त्रींनी चौकातली एक फरशी उचलली, खाली हात घातला आणि म्हणाले, “ताई, घर नाय वलं झालं, घराचं नाक दाबलंय.” काकांशी बोलून भिंतीखालून एक पाईप टाकला. पुढच्या पावसाळ्यात माजघर कोरडं होतं. तुमच्याकडेही वाटणीची भिंत असेल तर आधी भावकीशी नीट बोला. मागचे रुसवे असतील तर घरातल्या मोठ्या बाईला पुढे करा. हे काम तिथे लवकर होतं.

पाचवी पायरी: माळवद

माळवदाचे थर असे असतात. तुळयांवर कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर किलचनाची, म्हणजे लाकडी चिपांची, फळकुटं, त्यावर निंबाचा किंवा तरवडाचा पाला नाहीतर तुराट्या, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती. ती काळ्या मातीसारखी फुगत-तडकत नाही आणि ठोकून बसवली की पाणी वरून वाहून जातं. पाला वाळवी लागू नये म्हणून. दर उन्हाळ्याच्या शेवटी वर थोडी नवी माती टाकायची, गवत उपटायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या, हा वर्षाचा नेम.

दोष याच नेमात लपलेला आहे. नवी माती टाकताना जुनी काढायची असते, आणि ती कुणी काढत नाही. साण्यापाशी, म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या भोकापाशी, थराची जाडी मोजता येते. दीड-दोन फूट माती मी स्वतः मोजली आहे. हिशोब करून बघा. दहा फूट बाय दहा फुटांच्या जागेवर एक फूट माती म्हणजे २.८ घनमीटर. कोरड्या मातीचा घनमीटरला दीड टन धरला तरी चार टनांच्या वर वजन झालं, भिजली की आणखी. दोन फूट असेल तर दुप्पट.

माती कमी करायची असेल तर कोरड्या दिवसांत, तुळयांना खालून टेकू देऊन, सगळ्या खणांवरून सारखी सारखी काढा. एक कोपरा आधी मोकळा केला आणि दुसऱ्यावर ढीग केला तर ज्याची भीती होती तेच घडतं. काढलेली पांढरी फेकू नका, गिलाव्याला लागते.

भूकंपानंतर पुष्कळांनी माळवदावरच लोखंडी अँगल उभे करून पत्रे टाकले. गळती थांबली, म्हणून सगळे खूश. पण खालची माती तशीच राहिली आणि आता ती कुणाला दिसत नाही. उंदीर-घुशींनी बिळं केली तरी कळत नाही. शिवाय पत्र्याचं पाणी एका रेघेत धो धो पडतं, ते नेमकं भिंतीच्या पायाशी. पत्रा असेल तर आधी त्याच्या खाली जाऊन माळवद बघा, मग पत्र्याला पन्हाळ लावा.

सहावी पायरी: भिंती, भेगा आणि गिलावा

दगडमातीची जाड भिंत खरं तर दोन भिंती असतात. बाहेरचा थर, आतला थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड असतील तर ती एकजीव राहते. नसतील तर थर सुटतात आणि भिंतीला पोट येतं. ओळंबा लावा. भिंतीचा मधला भाग दोन-तीन इंच बाहेर आला असेल तर त्या खोलीत कुणाला झोपवू नका. किल्लारीला भिंती अशाच फुटून पडल्या होत्या. यावरचा उपाय आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, हुकची सळई घालायची आणि काँक्रीटने भरून आरपार दगडाचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं. उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवं चार फुटांच्या आत, हा साधारण नेम. भोक पाडताना घण मारायचा नाही. एक एक दगड हलवून काढायचा. हे काम भूकंपाच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करा.

भेगांचं थोडक्यात असं. सांध्यातली सरळ उभी भेग बहुतेक वेळा जुनी आणि शांत असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी भेग म्हणजे पाया बसला. ती हलते आहे का हे बघायला भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचं बोटभर ठिगळ लावा, त्यावर तारीख लिहा आणि वर्षभर थांबा. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारी भेग काळ्या मातीची. मूळ गावठाण पांढरीवर बसलेलं असतं, पण घरं वाढत वाढत कडेच्या काळ्यात गेली. काळी पाणी पिऊन फुगते आणि वाळून आक्रसते. अशा भेगेत सिमेंट भरलं तर पुढच्या पावसात ती शेजारून फुटते. पायाभोवतीचं पाणी दूर नेलं की ती बरीच शांत होते.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट चढवलं की ओल आत अडकते, वर वर चढते आणि बाहेरून भिंत गुळगुळीत दिसत असताना आतून चिखल होतो. बोटांच्या पेरांनी ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. जोत्यापासून तीन-चार फुटांपर्यंतचा सिमेंटचा पट्टा काढून तिथे चुन्याचा किंवा पांढरीचा गिलावा केला तर एका उन्हाळ्यात भिंत हलकी होते. गावातला सिमेंट रस्ता तुमच्या जोत्याहून उंच झाला असेल तर मात्र आधी दारापुढे नाली काढावी लागेल, नाहीतर गिलाव्याचा पैसा पाण्यात.

ठोकताना आम्हाला एक वेगळाच आवाज मिळाला. माजघराच्या भिंतीत छातीच्या उंचीपासून खाली सगळं पोकळ. मला वाटलं भिंत गेली. मिस्त्रींनी एका कोपऱ्यातला गिलावा अलगद उकलला, आत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत काळपट भुसा, निंबाची वाळलेली पानं आणि ज्वारीचे पाच-सहा पोखरलेले दाणे. ते बळद होतं, भिंतीतली धान्याची कोठी. वरून धान्य ओतायचं तोंड आणि खाली काढायचं छोटं भोक, दोन्ही कधीतरी बुजवलेली. आईला दाखवलं तेव्हा ती खाली बसली आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. दाणे काढून काढून ती कड गुळगुळीत झालेली होती. लहानपणी या भोकाला चिंध्यांचा बोळा लावायचं काम तिच्याकडे होतं, कारण तिचाच हात तेवढा बारीक होता. माझी आई याच गावची, याच घरात आजीच्या बहिणीकडे वाढलेली, हे मला माहीत होतं, पण तिचा हात मी पहिल्यांदाच तिथे पाहिला. बळद असलेल्या भिंतीत टीव्हीचा स्टँड ठोकू नका, आणि जमलं तर तोंड उघडून ठेवा.

सातवी पायरी: लाकडाची टोकं

तुळई मध्ये ठणठणीत असते आणि भिंतीत गेलेल्या टोकाला कुजते. दाभण टोकापाशी दाबा. पाव इंचाच्या आत अडली तर ठीक, लोण्यासारखी गेली तर तिथे टेकू द्या आणि मग सुताराला बोलवा. कुजलेलं टोक कापून नवं जोडता येतं, पूर्ण तुळई बदलावी लागत नाही. खांबाच्या तळाशी शहाबादी फरशी किंवा टाइल्स बसवताना तळखडा बुजवलेला असेल तर फरशी खांबाभोवती चार बोटं मोकळी करा. बुजलेल्या खांबाला वाळवी खालून लागते.

याच सुमारास दारात जुन्या लाकडाचे व्यापारी येतील. कोरीव चौकट, कडी-कोयंडा, खांबांचे हस्त (तुळईखालचे कोरीव आधार) यांना ते एकरकमी भाव सांगतात आणि ऐकायला रक्कम मोठी वाटते. चौकट काढली की वरच्या दगडांचा आधार जातो, हे ते सांगत नाहीत. घर पाडायचं ठरलं नसेल तोवर एकही लाकूड विकू नका.

कामाचा क्रम

आधी पाणी: पन्हाळी, नाली, पायाभोवतीचा उतार. मग वजन: माळवदाची जास्तीची माती. मग लाकडाची टोकं आणि काढलेले खांब परत बसवणं. त्यानंतर भिंतीचं पोट आणि आरपार बांधणी. मग गिलावा. बाथरूम, वायरिंग, रंग सगळ्यांत शेवटी, आणि बाथरूम जुन्या भिंतीला चिकटवून न घेता दोन-तीन फूट सुटं घ्या. मातीच्या भिंतीवर स्लॅब कोणी सुचवला तर त्या माणसाला काम देऊ नका. हे सगळं एका वर्षात करायची गरज नाही, आम्हाला चार उन्हाळे लागले.

पहिल्या दोन कामांनंतर जो पाऊस येईल त्या दिवशी मात्र घरात रहा. सरी जोरात असताना छत्री घेऊन चौकात उभं रहा आणि प्रत्येक पन्हाळीची धार कुठे पडते ते बघा. मग आत येऊन बॅटरीने तुळयांची टोकं एक एक करून बघा, हात लावून. कोरडी टोकं वहीत बरोबरच्या खुणेने लिहा, ओली फुलीने. पुढच्या उन्हाळ्याचं काम त्या फुल्यांपासून सुरू करा.